दुसऱ्या आवाजात बसलेला माणूस

अकोल्याहून येणारी सकाळची गाडी त्या रविवारी बडनेऱ्याच्या बरीच अलीकडे अडकून पडली होती, आणि तिनंच आलो असं सांगणारा माणूस आमच्या सतरंजीवर मांडी घालून बसला होता. मी रेल्वेच्या भांडारात नोकरी करतो, बडनेऱ्यालाच राहतो. कोणती गाडी कुठं थांबली आहे हे माझ्या कानावर आपोआप येतं. मी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढं ठेवला आणि विचारलं, "गर्दी होती का गाडीले?"

"लय होती," तो म्हणाला. "उभ्यानं आलो."

माझा संशय तिथून सुरू झाला.

आमची जागा म्हणजे अमरावतीच्या राजापेठेतल्या एका शिकवणीवर्गाची दुसऱ्या मजल्यावरची खोली. रविवारी वर्ग बंद असतो. आम्ही बाकं भिंतीला लावतो, सतरंजी अंथरतो, पेटी आणि दोन खंजिऱ्या काढतो. जागेच्या मालकाला पुरुष भजन मंडळ असं सांगितलेलं आहे आणि ते खोटं नाही, आम्ही भजनं म्हणतोच. त्यांच्यासोबत जुनी गाणी आणि आम्ही जुळवलेली दोन-चार गाणीही म्हणतो. जे सांगितलेलं नाही ते एवढंच, की इथले सगळे पुरुष समलिंगी आहेत. काहींची लग्नं झालेली आहेत, काहींना नातवंडं होण्याचं वय आलं आहे. माझं लग्न झालेलं नाही आणि ऑफिसातल्या लोकांनी आता विचारणं सोडून दिलं आहे. कायद्यानं आम्ही गुन्हेगार राहिलो नाही, पण ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना कोणी कळवलेलं नाही.

मंडळाची व्यवस्था मी पाहतो. किल्ली, सतरंजी, पाण्याचा जार, कोण येणार, कोण नाही, कोणत्या रविवारी परीक्षेसाठी खोली मिळणार नाही, हे सगळं माझ्याकडे. मला याद्या केल्याशिवाय चैन पडत नाही. बाजारात जाताना कोथिंबीरसुद्धा लिहून नेतो. पण सभासदांच्या नावांची यादी मी कधी केली नाही. नवीन माणूस यायचा तर आमच्यातल्या कोणीतरी त्याला आणायचं आणि पहिले काही रविवार मी त्याच्या शेजारी बसायचं, अशी पद्धत मी घालून दिली आहे.

मंडळ सुरू केलं ते सरांनी. सर एका खाजगी शाळेत संगीत शिकवतात, सेवानिवृत्तीला आले आहेत. परदेशात आपल्यासारख्या पुरुषांचे मोठमोठे गायनवृंद आहेत हे आम्हाला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. सुरुवातीच्या काळात त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत काही गाणाऱ्यांची नावं छापत नसत, कारण नाव छापलं की नोकरी गेली. मग एड्सचा आजार आला. घरच्यांनी हात काढून घेतलेल्या माणसांजवळ हेच लोक बसले, आणि आपल्याच सोबत्यांच्या अंत्यविधीत हेच गात राहिले.

आमच्यात अकोल्याचा एक मेडिकल दुकानदार आहे. त्याला गंभीर बोलणं फार वेळ सोसत नाही. तो म्हणाला, "म्हंजे भजन अन् तिरडी एकाच दुकानात."

"मंग आपल्याकडे काय वेगळं आहे?" सर म्हणाले. "मयतीले सगळ्यात आधी कोण येते? भजन मंडळ. अन् गावात दोन पुरुष गुडघ्याले गुडघा लावून रात्रभर बसले तरी कोणी काही विचारत नाही, अशी जागा कोणती?"

"भजन मंडळ," आम्ही म्हणालो.

"मंग आपण नवीन काय करून राहिलो?"

नवीन एकच गोष्ट होती. आपल्याकडे दहा माणसं गायला बसली की दहाही जण एकाच चालीवर जातात. सरांनी आमचे दोन भाग केले. पहिला आवाज चाल धरतो, दुसरा आवाज तिच्या खालून आपली वेगळी वाट धरतो, आणि धृपदाला, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीला, दोन्ही एक होतात. हे जमायला आम्हाला फार दिवस लागले. भजनात वाढलेल्या वऱ्हाडी माणसाच्या कानावर शेजाऱ्याची चाल पडली की तो स्वतःची सोडून तिच्यावर जाऊन बसतो. मी दुसऱ्या आवाजात आहे. तिथं बसणाऱ्यानं मान खाली घालून, दुसऱ्याचं ऐकूनही स्वतःचं सोडायचं नसतं. मला ते स्वभावानं जमलं.

आता त्या माणसाचं. त्याला मेडिकलवाल्यानं आणलं होतं, म्हणजे खोलीचा पत्ता देऊन बोलावलं होतं; मेडिकलवाला स्वतः एसटीनं येतो. दोघांची ओळख फोनवरच्या, आमच्यासारख्या पुरुषांच्या ॲपवर झालेली. वय पस्तिशीच्या आसपास, रंगानं उन्हात रापलेला, नखांच्या कडा काळ्या. अकोल्याच्या बाजारात भाजीचा व्यापार आहे म्हणाला. गाण्याचं विचारलं तर म्हणाला, "जिंदगीत कधी गायलो नाही. ऐकाले आलो." तो खरोखरच गात नव्हता. नुसते ओठ हलवायचा. पण पाहायचा सगळीकडे, आणि सरांकडे सगळ्यात जास्त.

ॲपवरून ओळख काढून, एकांतात बोलावून, नंतर घरी सांगू म्हणून लुबाडल्याच्या गोष्टी आमच्यातल्या प्रत्येकानं ऐकलेल्या आहेत. मी मेडिकलवाल्याला जिन्यात गाठलं.

"याचं घर पायलं का तुम्ही?"

"काहून? मले काय त्याच्याशी सोयरीक करायची आहे?"

"तो गाडीनं आला नाही. गाडी आलीच नव्हती."

"मंग एसटीनं आला असन."

"मंग गाडीनं आलो असं काहून सांगते?"

"साहेब," तो म्हणाला, "तुमाले रेल्वेनं पोलिसात टाकाले पाहिजे होतं."

मी हसलो नाही, कारण मला सरांची काळजी होती. सरांचं गाव मूर्तिजापूरकडं आहे. आई गावात मोठ्या भावाकडे असते. एक शनिवार सोडून एक सर गावाला जातात, आईच्या खाटेशेजारी खाली अंथरूण टाकून मुक्काम करतात आणि रविवारी पहिल्या एसटीनं आमच्याकडे येतात. आईला दिवसा अर्धवट ऐकू येतं, पण दिवे मालवल्यावर सर हळू आवाजात म्हणतात ते एकेक भजन तिला ऐकू येतं, असं तिचं म्हणणं. थोरल्या भावाला पूर्वीपासून शंका आहे. त्याच्या मुलीचं लग्न जमवायचं चाललं होतं, आणि त्यानं सरांना उभं करून सांगितलं होतं, "तुह्याबद्दल एक जरी गोठ माह्या कानावर आली, तं या घराची पायरी चढू नको." सरांसाठी पायरी म्हणजे आई. ती नव्वदीला टेकली आहे. आज बंद झालेले शनिवार पुन्हा सुरू होईपर्यंत ती थांबणार नाही, हे सरांना कळत होतं आणि आम्हालाही.

दुसऱ्या रविवारी तो पुन्हा आला. मी शेजारीच बसलो. बुटांना काळी माती होती, ओली. अकोल्याच्या बाजारात चिखल नसतो असं नाही, पण ही वावरातली माती होती आणि पँटच्या पोटरीवर मोटरसायकलच्या सायलेन्सरचा डाग होता. निघताना त्यानं सरांना विचारलं, "सर, तुमी दर शनिवारी गावाले जाता का?" सर म्हणाले, "जमल तसं." मी दाराशी किल्ली घेऊन उभा होतो. याला सरांचं गाव आहे हे कोणी सांगितलं? मेडिकलवाला शपथेवर म्हणाला, मी नाही.

मग मी माझ्या पद्धतीनं बंदोबस्त केला. पुढच्या रविवारच्या आधी सगळ्यांना फोन करून बजावलं. फक्त भजनं होतील. दुसरा आवाज नाही, सगळे एका चालीवर. एकमेकांच्या खांद्यावर हात नाही, टोमणे नाहीत, कोणी कोणाला लाडानं हाक मारायची नाही. टोपी असेल त्यानं टोपी घालावी. आमच्यात एक जण साडीच्या दुकानात काम करतो, त्याला रंगीत रुमाल घरी ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "अन् मी स्वतःले कुठी ठेवू?" मी म्हणालो, मागच्या ओळीत.

सरांना मी हे सांगितलं नाही. त्यांना आवडलं नसतं.

त्या रविवारी सगळे शिस्तीत बसले. पाठ ताठ, नजर समोर. दोन भजनं झाली. कोणी खोकलंसुद्धा नाही. सर पेटीवरून आमच्याकडे संशयानं पाहायला लागले. तिसऱ्या भजनाआधी तो माणूस माझ्याकडे वाकला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, एक विचारू? कोणी मेलं का?"

"काहून?"

"इतकं गपगार भजन मंडळ मी नाई पायलं कुठी. आमच्याकडे तं दोन भजनांच्या मधात एकमेकाची माय-बहीण काढतात."

"तुमच्याकडे म्हणजे?" मी विचारलं. "तुमी तं कधी गायले नाही."

तोपर्यंत सरांनी सूर धरला होता.

आता पुढचं समजायला एक गोष्ट माहीत हवी. खंजिरीच्या भजनात पुढचा माणूस कडवं म्हणतो आणि कडवं संपलं की बाकीचे धृपद उचलतात. ते कधी उचलायचं याची प्रत्येक गावाची सवय असते. बहुतेक गावांत समोरच्याचा शेवटचा शब्द पुरा होऊ देतात, खंजिरीवर थाप पडते आणि मग सगळे गाऊ लागतात. सरांच्या गावी तसं नाही. तिथले लोक शेवटचा शब्द गाणाऱ्याच्या तोंडात असतानाच धृपद ओढून घेतात, तेही वरच्या सुरात. ही खोड मोडायला स्वतःला किती त्रास झाला हे सर आम्हाला नेहमी सांगायचे. संगीत शिकायला अमरावतीला आले तेव्हा गुरुजी त्यांना म्हणत, अरे, मला जेवू तर दे, ताट काय ओढतोस.

सरांनी शेवटचं कडवं घेतलं. आवाज त्या दिवशी छान लागला होता. शेवटचा शब्द त्यांच्या ओठांत होता आणि माझ्या शेजारून धृपद उठलं. वरच्या सुरात, एकट्याचं, मोकळ्या गळ्याचं. आम्ही सगळे एका थापेनं मागं राहिलो. त्या माणसानं लगेच तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता.

सरांनी पेटीचा भाता सोडला.

"कोणाचा रे तू?" त्यांनी विचारलं. अमरावतीत इतकी वर्षं काढलेल्या सरांच्या तोंडून निघालेला तो गावचा प्रश्न होता, गावात परक्या पोराला विचारतात तो.

त्यानं वडिलांचं नाव सांगितलं. नदीच्या कडेला मळा असलेलं घर. भाजी पिकवतात आणि अकोल्याला नेऊन विकतात, तेवढं त्यानं खरं सांगितलं होतं.

"मी तुले कधी पायलं नाही," सर म्हणाले.

"कसं पाहसान? आमी मळ्यातच राहतो. अन् तुमी येता तं माईच्या खाटेपाशी बसता, गावात कुठी फिरता?"

"दादानं पाठवलं?"

"हो."

साडीच्या दुकानातल्यानं मागून एक शिवी हासडली. मी उठून दार लावून घेतलं. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. तो काही पळून जात नव्हता.

"काय सांगतलं तू त्याले?" मी विचारलं.

"भजन करतात म्हणून सांगतलं. दोन्ही खेपेले तेच सांगतलं. तं ते म्हणे, असं नसते, अजून पाय." तो सरांकडे वळला. "पण त्यांनी ठरवूनच टाकलं आहे, सर. येत्या शनिवारी तुमाले सांगणार आहेत. भेटाले या म्हणे, पण शेवटच्या एसटीनं वापस जा. मुक्काम बंद. पोरीकडचे पाहुणे येऊन-जाऊन राहतात, लोक विचारतात म्हणे."

भेट राहिली तरी मुक्काम गेला, म्हणजे दिवे मालवल्यावरचं भजन गेलं. खोलीत सगळ्यांना ते एकदम कळलं.

माझ्या डोक्यात मात्र एक हिशेब जुळत नव्हता, आणि तो तसाच ठेवून मला पुढं जाता येत नाही. मी विचारलं, "सरांच्या भावानं तुमाले पाठवलं, ठीक आहे. पण मेडिकलवाल्याची ओळख ॲपवर झाली. त्या भावाले ॲप काय मायत?"

तो खाली पाहत म्हणाला, "ते माह्या फोनमध्ये आधीपासून होतं. हे भाऊ बोलता बोलता म्हणे, आमी रविवारी गातो, अन् गाणं पाठवलं. त्यात सरांचा आवाज ओळखला मी. रात्री मळ्यात जाताना त्यांच्या घरातून तोच ऐकू येते. आठ-दहा दिवसांनी यांचे दादा मळ्यात आले अन् म्हणे, तू भाजी घेऊन फिरतच असतो, अमरावतीले जाऊन आमचा भाऊ रविवारी काय करते ते पाय जरा. मले तं निमित्तच पाहिजे होतं."

मी मेडिकलवाल्याकडे पाहिलं. बाहेरच्या कोणाला गाणं पाठवायचं नाही हा नियम मी किती वेळा सांगितला होता. त्यानं छताकडे पाहिलं.

"म्हणजे तुमी आपल्यातले आहात का नाही?" मी विचारलं.

"मले बायको आहे, एक पोरगी आहे," तो म्हणाला. "इथं बसलो का बरं वाटते. पुढचं मले विचारू नका."

"विचारू नको," सरही मला म्हणाले.

मी विचारलं नाही, पण विश्वासही ठेवला नाही. तिकडचं इकडे सांगणारा माणूस इकडचंही तिकडे सांगतो, हे मला भांडारात रोज दिसतं. तरीही शनिवार आठवड्यावर आला होता आणि सर नुसते पेटीच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत होते. मी त्याला बाजूच्या बाकावर बसवलं आणि कामाचे प्रश्न विचारले. शेवटची एसटी कधी जाते? दिवेलागणीनंतर थोड्या वेळानं. गावातलं मंडळ अजून बसतं का? बसतं, देवळात, एकादशीला. तू त्यात आहेस? तो ओशाळून म्हणाला, "धृपद मीच उचलतो."

"घरी बोलावलं तं येतात?"

"चहा असला तं येतात."

"म्हातारीसाठी बोलावलं तं?"

आता तो माझ्याकडे नीट पाहायला लागला. कोणाच्या घरी मंडळ बसलं की मधूनच कोणाला जा म्हणता येत नाही. त्यातून पेटी वाजवणाऱ्याला तर नाहीच, कारण तो उठला की भजन थांबतं. आणि मंडळाचं पहिलं भजन सुरू होईपर्यंत शेवटची एसटी निघून गेलेली असेल, एवढी काळजी घेतली की झालं. भावाला मुक्काम नको म्हणायचं असेल तर सगळ्या गावादेखत म्हणावं लागेल, तेही आईच्या खाटेपाशी.

"साहेब," मेडिकलवाला म्हणाला, "तुमी खरंच पोलिसात पाहिजे होते."

यात एकच धोका होता आणि मी तो सरांना बाजूला नेऊन सांगितला. सगळं या माणसावर अवलंबून आहे. त्यानं मंडळ आणलंच नाही, किंवा आधीच जाऊन भावाला सांगितलं, तर तुम्ही पेटी घेऊन अंगणात एकटे बसाल. सर म्हणाले, "मी तसाही एकटाच बसणार होतो."

आणि मग त्यांनी सगळ्यांना परत जागेवर बसवलं. माझी टोपी काढून बाकावर ठेवली. "आज कोणाची मयत आहे हे मले सांगतलं नाही तरी चालन," ते म्हणाले, "पण आता नीट म्हणा. दोन आवाजात." तो माणूस कुठं बसू म्हणाला. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो दुसऱ्या आवाजात आला आणि एका ओळीत तीनदा चाल सोडून पहिल्यावर गेला. मी दर वेळी त्याला कोपरानं ढोसलं.

शनिवारी सर पेटी घेऊन गेले. मी त्यांना एसटीत बसवून दिलं आणि त्या संध्याकाळी माझं कोणत्याच कामात लक्ष लागलं नाही. फोन करायचा नाही असं ठरलं होतं. भावाला सुगावा लागला असेल, मंडळ आलं नसेल, पेटी परत आणताना सरांच्या पाठीत उसण भरली असेल, असं बरंच काही मी मनात लिहून काढलं. शेवटची एसटी बडनेऱ्याला येते तेव्हा मी स्टँडवर उभा होतो. तिच्यातून सर उतरले नाहीत. तेवढ्यानं काही सिद्ध होत नव्हतं.

रविवारी तो माणूस आधी आला. मोटरसायकलवर, उघडपणे. म्हणाला, मंडळ आलं होतं, पंधरा-वीस जण, अंगण भरलं. थोरला भाऊ आधी दारात उभा राहिला होता, मग कोपऱ्यात बसला, मग टाळ घेतले. एसटी कधी गेली कोणाला कळलं नाही. भजन संपल्यावर भावानं स्वतः आईच्या खाटेशेजारी गादी टाकली. सकाळी सर निघाले तेव्हा एवढंच म्हणाला, "पुढल्या खेपेले मंडळाले बोलवायचं असन तं आधी सांगजो. दूध कमी पडलं."

हे सगळं मला त्या माणसानं सांगितलं होतं, म्हणून सर जिना चढून वर आल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन वेगळं विचारलं. दुधाचं खरं का?

सरांनी पेटी खाली ठेवली. "खरं," ते म्हणाले. "दोनदा म्हणाला."